पावसाळा, ओल आणि परवान्याची बंदूक: काडतूस फुसकं का जातं?

जांबोटी_पट्टा

नमस्कार मंडळी. आमचं शेत खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर, सगळं भाताचं. पीकसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, आता वडिलांच्या. बंदूक बारा बोअरची, एकनळी. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, आणि गवे तर आता बारा महिने येतात. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्याला हात लावायचा प्रश्नच नाही. हवेत बार काढून कळप रानाकडं परतवायचा, एवढंच बंदुकीचं काम.

2024 च्या लोकसभेला आचारसंहिता लागली तशा मार्चमध्येच गावातल्या सगळ्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा झाल्या. आमच्याकडं मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला. सोडवून आणेपर्यंत पाऊस लागलेला. बंदूक कापडी खोळीत घालून दिली होती. त्या खोळीसकटच ती ठाण्याच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. घरी आणून खोळ काढली तर नळीच्या तोंडाशी तांबूस पूड, चापाच्या वरच्या लोखंडावर मोहरीएवढे ठिपके, आणि नळीखालचं लाकूड असं फुगलेलं की बंदूक मोडून उघडायला गुडघा लावावा लागला.

काडतुसांचं वेगळंच दुखणं. काही आजोबांच्या काळातली कागदी, ती आता नळीत बसतच नाहीत. प्लास्टिकची बसतात, घोडा पडतो, बुडाच्या टोपीवर ठोक्याचा खळगा उमटतो, पण बार होत नाही. सगळीच तशी नाहीत, काही व्यवस्थित वाजतात. एकाच डब्यातली असून असं का? आणि रात्री बांधावर गव्यांचा कळप समोर असताना बंदूक मुकी राहिली तर माणसानं करायचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

निवृत्त_सुभेदार_बेळगाव

सविस्तरच लिहितो. पलटणीत असताना बरीच वर्षं कोतचं, म्हणजे हत्यारं ठेवायच्या कोठाराचं, काम माझ्याकडे होतं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. बंदूक पावसात भिजल्यानं खराब होत नाही. भिजलेली बंदूक तशीच झाकून ठेवल्यानं खराब होते. आमची पोरं दिवसभर पाण्यात लोळायची, नाल्यातून जायची, पण संध्याकाळी हत्यार खोलून पुसलं, नळीतून फुलथ्रू (चिंदी बांधलेली सफाईची दोरी) ओढला, तेलाचा हात फिरवला की सकाळी नवं. उलट खोळीत घालून ठेवलेलं हत्यार एकाही पावसात न जाता गंजतं. कापडी खोळ, चामड्याची खोळ, फोमचं अस्तर असलेली पेटी, हे सगळं ओल धरून ठेवतं आणि लोखंडाला चिकटून बसतं. चामडं त्यात सर्वांत वाईट, कारण ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात शिल्लक असतात. खोळ ही बंदूक नेण्या-आणण्यासाठी असते, ठेवण्यासाठी नव्हे.

तुमच्या बंदुकीला नळीच्या तोंडाशी पूड आली, कारण उभ्या खोळीत ते टोक कापडात रुतलेलं होतं. खानापूर भागातली घरं मातीची नाहीतर चिर्‍याची, आणि चिर्‍याची भिंत पावसाळ्यात घाम सोडते. भिंतीला टेकवू नका. कुलपाच्या कपाटात, भिंतीपासून सुटी, उघडी ठेवा. नळीत तेलाचा पातळ थर हवा. पातळ म्हणजे तेलाची चिंदी फिरवल्यावर कोरडी चिंदी एकदा फिरवायची, उरेल तेवढंच तेल. आणि वापरायच्या आधी नळी कोरडी करून घ्यायची, तेल साठलेल्या नळीतून बार काढायचा नाही.

ओलीतून आणलेली बंदूक थेट उबदार खोलीत नेऊन पुसू नका. गार लोखंडावर उबदार हवेतलं पाणी जमतं, चापाच्या यंत्रात आतपर्यंत जमतं. पडवीत अर्धा तास राहू द्या, मग पुसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घोडा पडला आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच मोडून उघडायची नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं. ओल लागलेल्या टोपीची ठिणगी कमजोर असते, दारू सावकाश धरते, आणि बार उशिरा सुटतो. त्या वेळी बंदूक उघडी असली तर काडतूस तुमच्या तोंडासमोर फुटेल. ठासणीची बंदूक असेल तर निदान मिनिटभर थांबा, जास्त थांबलात तर उत्तम.

आणि आवाज नेहमीपेक्षा बसका आला, खांद्याला धक्का कमी लागला, तर दुसरं काडतूस भरायचंच नाही. दारू अर्धवट जळून मधली वॅड, म्हणजे दारू आणि छर्‍यांमधला बोळा, नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरा बार गेला की नळी फाटते. बंदूक रिकामी करून, मोडून, नळीतून उजेडाकडे आरपार बघायचं. बांधावर नळीचं तोंड चिखलात टेकलं असेल तरीही हेच. चिखलाचा बोळा आणि अडकलेली वॅड, नळीला दोन्ही सारखेच.

लोंढा_जंक्शन

आमच्यात बंदूक चुलीवरच्या माळ्याला टांगायची पद्धत. धुरानं कोरडी राहते म्हणायचे. काडतुसंही तिथंच फडक्यात बांधून.

निवृत्त_सुभेदार_बेळगाव

@लोंढा_जंक्शन, बंदूक एक वेळ समजू शकतो, तरी काजळी लोखंडावर बसली की तीच पुढे ओल ओढते. पण काडतुसं चुलीवर अजिबात नको ओ. दारूला ओल जितकी वाईट तितकीच ऊब वाईट. उष्णतेनं आतली दारू हळूहळू विघटत जाते. आणि ठिणगीचं काय? घरात लेकरं असतात. आजच खाली काढा.

रसायन_निपाणी

मी हायस्कूलला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे काडतुसाच्या आतलं लिहितो. मूळ प्रश्न तिथेच आहे.

काडतुसात दोन वेगळे पदार्थ असतात आणि ओलीला दोघं वेगवेगळं वागतात. एक, टोपीतला मसाला, घोड्याच्या ठोक्यानं पेटणारा. दोन, मुख्य दारू. काळी दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा. त्यातला शोरा पाण्यात विरघळतो. म्हणून भिजलेली काळी दारू उन्हात वाळवली तरी पूर्वीसारखी होत नाही. शोरा पाण्याबरोबर बाहेर येऊन वेगळा साठतो, कणाकणातलं मिश्रण मोडतं. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची. ती पाण्यात विरघळत नाही. म्हणजे प्लास्टिकच्या काडतुसात ओल शिरली तर बहुतेक वेळा आधी मरते ती टोपी.

आता पाणी शिरतं कुठून? प्लास्टिकची नळकांडी स्वतः पाणी पीत नाही. वाट असते ती पुढच्या घड्यांच्या तोंडातून आणि मागे टोपी बसवलेल्या फटीतून. लष्करी काडतुसांना टोपीभोवती लाखेचा थर देतात, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसात गोळी बसते त्या गळ्याशी आतून डांबराचा लेप असायचा. शिकारी काडतुसांना इतकं पक्कं बंदिस्त करतातच असं नाही. म्हणून एकाच डब्यातल्या एकाची फट घट्ट, दुसर्‍याची सैल, आणि एक वाजतं, दुसरं मुकं राहतं. जांबोटीकरांच्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर.

कागदी काडतूस मात्र सगळ्या अंगानं ओल पितं आणि फुगतं, म्हणून नळीत बसत नाही. ठोकून, तासून बसवू नका.

मलप्रभाकाठ

आमच्या सासर्‍यांची बंदूक आहे, परवाना आता यांच्या नावावर. पण तिची देखभाल घरात मीच करते, हे नोकरीनिमित्त हुबळीला. तेव्हा दोन गोष्टी हाताखालच्या सांगते.

काडतुसांचा चामडी पट्टा होता. पावसाळ्यानंतर काडतुसं काढली तर पितळी बुडाला जिथं जिथं चामड्याचा फास लागलेला, नेमक्या तेवढ्याच जागी हिरव्या रंगाचं गोल कडं. नखानं खरवडलं तर मेणासारखं निघायचं, आणि खाली पितळ खडबडीत झालेलं. सुभेदारसाहेब चामड्याबद्दल म्हणाले ते अगदी खरं आहे.

दुसरं तेलाचं. मला कुणीतरी सांगितलं होतं, काडतुसांनाही तेल पुसून ठेवा, गंज येणार नाही. पण डीलरकडं विचारलं तर ते म्हणाले, वहिनी, बंदुकीला तेल, काडतुसाला कोरडं फडकं. पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि मसाला मारतं, विशेषतः गंज सोडवायचे ते फवारे. तेव्हापासून काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणार्‍या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्यांचा रंग बदलला की त्या बाहेर काढून तापवून कोरड्या करायच्या आणि पूर्ण गार झाल्यावर परत डब्यात. डब्यावर खरेदीची तारीख चिकटवलेली असते, जुनी आधी वापरायची.

जांबोटी_पट्टा

ताई, आमच्याकडं नेमका उलटा प्रकार चाललेला. पत्र्याचा डबा, झाकण सैल, आणि तो देवघराच्या मागच्या ओल्या भिंतीशी. आजच जागा बदलतो. @रसायन_निपाणी सर, आमची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची, शक्तिमान छापाची. त्यांच्या टोपीभोवती लाखेचा थर नखाएवढासुद्धा दिसत नाही, मग फट उघडीच समजायची का?

रसायन_निपाणी

खडकीचा अम्युनिशन कारखाना 1869 पासूनचा, आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडं आहे. माल जुना झाला, ठेवण कशी झाली, यावरच जास्त अवलंबून. डोळ्यांना थर दिसला नाही म्हणून फट उघडीच आहे असंही नव्हे. हिरवा पडलेला, खळगा असलेला, फुगलेला माल बाजूला काढा, बाकीचा कोरड्यात ठेवून लवकर वापरा.

हलशीचा_वाटसरू

हा विषय निघालाच आहे तर इतिहासाची बाजू लिहितो. पावसानं बंदुकीचा इतिहास जितका घडवला तितका दुसर्‍या कशानं क्वचितच.

तोड्याची बंदूक म्हणजे जळत्या वातीवर चालणारी. वात विझली की हातात नुसतं लोखंड. शिवाय कानातली रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी बारीक दारू, उघडी, एक सर आली की तिचा चिखल. जुलै 1660 मध्ये महाराज पन्हाळ्यावरून ऐन पावसाच्या रात्री निसटले ते आपण अंधार आणि गाफील पहारा याच अंगानं सांगतो. त्या रात्री बाहेर वात पेटती ठेवणं किती अवघड असेल, हे पन्हाळ्याचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मोहिमा दसर्‍यानंतर निघायच्या त्यामागं नद्यांचे पूर आणि वैरण ही मुख्य कारणं, पण दारू कोरडी राहणं हेही होतंच. प्लासीला 23 जून 1757 रोजी दुपारी पाऊस आला. इंग्रजांनी दारूगोळा ताडपत्रीनं झाकला, नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. त्या लढाईत फितुरी मोठी होतीच, पण ताडपत्रीचा वाटाही लहान नव्हता.

गारेची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी, बंदूक आली तरी रंजक उघडीच. टोपीची कल्पना स्कॉटलंडच्या एका पाद्र्याची, फोर्साइथ त्याचं नाव, पेटंट 1807 चं. गारेच्या ठिणगीनं पाखरं आधीच उडून जातात म्हणून त्यानं ठोक्यानं पेटणारा मसाला वापरला. 1834 मध्ये इंग्लंडात वूलिचला दोन्ही प्रकारांची चाचणी झाली, प्रत्येकी 6,000 बार. गारेच्या बंदुका 922 वेळा फुसक्या गेल्या, टोपीच्या फक्त 36 वेळा.

आणि आपल्या माणसांच्या अंगावर बेतलेला प्रसंग 1841 चा. पहिल्या अफूच्या युद्धात चीनमध्ये कँटनजवळ सान्युआनलीला 37 व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक कंपनी वादळी पावसात मुख्य फौजेपासून तुटली. हातात गारेच्या बंदुका, दारू भिजलेली, एकही बार निघेना. भाले घेतलेल्या हजारो गावकर्‍यांच्या वेढ्यात ते शिपाई संगिनींवर उभे राहिले. त्यांना सोडवायला मरीनच्या, म्हणजे इंग्रज आरमारी शिपायांच्या, दोन कंपन्या पाठवल्या, त्यांच्याकडं टोपीच्या बंदुका होत्या आणि त्याच पावसात त्या चालल्या. साहेबाच्या पलटणीला नवं हत्यार आधी मिळालं, आपल्या शिपायाला जुनं. हे वाचताना आजही जीव कळवळतो.

चोर्ला_घाट

पाण्याचं झालं, धुळीचंही कुणीतरी सांगा. आमच्याकडं उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ इतकी बारीक की कुलपात जाते. मित्र म्हणतो एके-47 चिखलात पुरून काढली तरी चालते, आणि बाकी सगळ्या बंदुका नाजूक.

निवृत्त_सुभेदार_बेळगाव

अर्धं खरं. एकेचे आतले भाग थोडे सैल बसवलेले, हलणारा भाग वजनदार, म्हणून धूळ, काजळी असली तरी यंत्र रेटून नेतं. पण तिची सेफ्टी खाली केली की बाजूची फट उघडी राहते. पातळ चिखल त्यातून सरळ आत जातो, आणि मग तीही अडते. सगळं चालवून घेणारं हत्यार अजून जन्माला आलेलं नाही.

एनफील्ड थ्री-नॉट-थ्री चिखलात का टिकली? तिच्या बोल्टचे, म्हणजे नळी मागून बंद करणार्‍या सरकत्या दांड्याचे, अडकायचे दात मागच्या बाजूला आहेत. पुढं चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी घाण साठायला अरुंद खोबणी नाही. कॅनडाच्या फौजेची रॉस रायफल नेमबाजीत अव्वल, पण 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांत बोल्ट अडकायचा. माणसं तो लाथेनं उघडायची आणि संधी मिळाली की पडलेल्या इंग्रज शिपायाची एनफील्ड उचलायची. 1916 मध्ये ती आघाडीवरून काढून घेतली. अमेरिकेची एम-16 व्हिएतनामच्या दमट रानात अडली तेव्हाही नुसतं हवामान दोषी नव्हतं. दारूची जात बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, आणि पोरांना सांगितलेलं की हिला सफाई लागत नाही. मुलामा दिला, सफाईचं सामान दिलं, तीच रायफल सुधारली.

धुळीत नियम उलटा. पावसात तेल थोडं सढळ, धुळीत जवळजवळ कोरडं. तेल आणि बारीक धूळ मिळून जो लगदा होतो तो लोखंड घासून खातो. राजस्थानात आम्ही हत्यार बाहेरून कोरडं पुसून ठेवायचो, तेल फक्त घासणार्‍या जागी थेंबभर. आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात, 1915-16 ला, आपल्या मराठा पलटणी होत्या. तिथं धूळ तर होतीच, वर तैग्रिसला पूर येऊन खंदक भरले. एकाच मोहिमेत दोन्ही नियम सांभाळायचे होते त्या माणसांना. आणि 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनियो नदीवर आपले नामदेव जाधव जखमींना खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, सुरुंगांतून काढत होते, मग टॉमीगन घेऊन मशिनगनच्या मोर्च्यावर गेले. हाताला गोळी लागली तेव्हा गन टाकून हातगोळे फेकले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बेळगावच्या आपल्या मराठा सेंटरमध्ये आलेल्या प्रत्येक रिक्रूटला हे नाव माहीत असायलाच हवं.

चोर्ला_घाट

सुभेदारसाहेब, नळीत पाणी राहिलं तर? बारीक बोअरची रायफल आणि बारा बोअर यात फरक पडतो का?

निवृत्त_सुभेदार_बेळगाव

पडतो. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास रुंद, तोंड खाली केलं की पाणी निघून जातं. फौजेच्या इन्सास रायफलीची 5.56 मिलिमीटर. इतक्या बारीक नळीत पाणी धरून राहतं, नुसतं तोंड खाली करून उतरत नाही. बोल्ट थोडा मागं घेऊन हवा आत जाऊ द्यावी लागते. पाणी भरल्या नळीतून गोळी गेली तर नळीला फुगवटा येऊ शकतो, फाटूही शकते.

रसायन_निपाणी

जुनी माणसं थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतायची, ते कशासाठी हे अनेकांना माहीत नसतं. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसतं. हे मीठच, आपल्या मिठाचं भावंड. हवेतली ओल ओढून घेतं आणि एका रात्रीत नळी तांबूस. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून नुसतं तेल मारलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं. आधी उकळतं पाणी, त्यानं नळी तापते आणि आपोआप वाळते, मग तेल. ठासणीच्या बंदुकीतही काळ्या दारूची राख ओल ओढते, तिलाही गरम पाणीच. ज्यांच्याकडं अजून ठासणीची आहे त्यांनी बार काढलेल्या दिवशीच धुवावी, दुसर्‍या दिवसावर टाकू नये.

जांबोटी_पट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. नळीखालचं लाकूड फुगलंय ते गावचा सुतार तासून देतो म्हणतो, आणि ठिपके लोहार घासून देईल. द्यावं का?

हलशीचा_वाटसरू

नका देऊ. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणं बंदुकीची दुरुस्तीसुद्धा त्या कामाचा परवाना असलेल्यानंच करायची. लोहाराच्या हातात बंदूक देणं त्याच्याही अंगाशी येईल, तुमच्याही.

निवृत्त_सुभेदार_बेळगाव

आणि लाकूड पावसाळ्यात फुगलेलं असताना तासलं तर उन्हाळ्यात ते खिळखिळं होईल. आधी कोरड्या जागी सावकाश सुकू द्या, उन्हात नको, तडा जाईल. तरी अडत असेल तर बेळगावात परवानाधारक गनस्मिथकडं न्या, परवाना सोबत ठेवा. ठिपके बारीक स्टील वूलला तेल लावून हलक्या हातानं घरी पुसता येतात, पण नळीच्या आत खड्डे दिसले तर गनस्मिथनं बघितल्याशिवाय बार काढू नका.

पुढच्या निवडणुकीला जमा करताना खोळ घरीच ठेवा. आत-बाहेर तेलाचा हात मारून द्या, पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून मागा, जमलं तर त्यांच्यासमोर फोटो काढा. ठाण्याऐवजी परवानाधारक डीलरकडं ठेवायची मुभा आहे का तेही विचारा, तिथं कपाटं निदान कोरडी असतात.

मलप्रभाकाठ

दादा, ती फुगलेली आणि मुकी काडतुसं विहिरीत किंवा चुलीत टाकू नका हं. आमच्याकडं एकानं कचर्‍यासोबत जाळली होती, टोप्या फुटून पितळ उडालं. खळगा पडलेली वेगळ्या डब्यात, "वापरू नये" लिहून ठेवा आणि डीलरकडं किंवा ठाण्यात रीतसर जमा करा, परवान्यावर तशी नोंद करून घ्या.

जांबोटी_पट्टा

होय ताई. सोमवारी डीलरकडं जाणारच आहे, तेव्हा ती सगळी घेऊन जातो. कागदी आजोबांची म्हणून ठेवायची फार इच्छा होती, पण तीही देऊन टाकतो. गनस्मिथ नळीबद्दल काय म्हणतो ते इथंच कळवीन.